केज आधी, इंजिन मग

गेल्या अंकात कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतोय: घरची जुनी किंवा सेकंडहँड घेतलेली गाडी रेससाठी तयार करायची आहे, सुरुवात कुठून करू? म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त याच कामाची पत्रं घेतलीत. मी कोल्हापुरात उद्यमनगरात हेच काम करतो, त्यामुळे उत्तरं शेडमधल्या भाषेत असतील.

काका, माझ्याकडे 2006 ची पेट्रोल स्विफ्ट आहे. रोज एमआयडीसीत कामाला तीच नेतो. तिला मागे हाफ केज (आत बसवायचा स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा, फक्त मागच्या भागापुरता), पुढे बकेट सीट आणि चार पॉइंटचा बेल्ट बसवायचा विचार आहे. आठवडाभर ड्यूटी, अधूनमधून चेन्नई नाहीतर कोइमतूरला ट्रॅक डे. जमेल ना?
— वाचक, कराड

नाही जमणार. आणि माझं हे ‘नाही’ ठाम आहे.

रेसमध्ये केज तुम्हाला वाचवते ती एकटी नाही. डोक्यावर हेल्मेट असतं, हेल्मेटला जोडून मान सांभाळणारा हान्स असतो, सहा पॉइंटच्या हार्नेसनं, म्हणजे रेसच्या बेल्टनं, तुम्ही सीटला जखडलेले असता. यातलं रोज कामावर जाताना काय असणार? कंपनीचा साधा बेल्ट धडकेत मुद्दाम थोडा ताणला जातो, शरीर पुढे-बाजूला जातं आणि डोकं मोकळ्या जागेत फिरतं. त्या मोकळ्या जागेत तुम्ही स्टीलची नळी आणून ठेवली, तर महामार्गावरच्या साध्या टकरीत, जिथे एरवी चार टाके पडले असते, तिथे कवटी फुटते. हाफ केजमध्ये पुढच्यांना त्यातल्या त्यात बरं, पण मागे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासमोरच मुख्य हूप, म्हणजे केजची मोठी कमान, येतो. मागे तुमची आई बसणार, बहीण बसणार.

चार पॉइंटच्या बेल्टचंही तसंच. खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर पोटावर सरकतो. त्याला खाली धरून ठेवणारा मांड्यांमधला पट्टा त्यात नसतो. धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि सगळा जोर आतड्यांवर येतो. रेसच्या गाडीत म्हणूनच सहा पॉइंट.

कायद्याची बाजूही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ते कलम घरी जाऊन वाचा.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. स्विफ्ट आहे तशी ठेवा. ताजं ब्रेक फ्लुइड, चांगले पॅड, चांगले टायर, डोक्यावर मोटारकारचं हेल्मेट आणि कंपनीचाच बेल्ट. एवढ्यावर ट्रॅक डे करा. हात बसला, शर्यतीत उतरायचं ठरलं, की त्यासाठी दुसरी गाडी घ्या. ज्या दिवशी तिच्यात केज वेल्ड होईल त्या दिवसापासून ती रस्त्यावर चालणार नाही, ट्रॅकवर जाईल ती ट्रेलरवरून. तिची आरसी कलम 55 खाली आरटीओत रीतसर रद्द करून घ्या.

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, शेड, ट्रॉल्या करतो. भावाचा वेल्डिंगचा हात फार चांगला आहे. मारुती एस्टीमचं एक शेल, म्हणजे रिकामी बॉडी, मिळालंय. दीड इंची सी क्लास पाइप घरात पडून आहे. केज आम्हीच केली तर? मापं सांगाल का?
— वाचक, इचलकरंजी

भावाचा हात चांगला असेल यात मला शंका नाही. इचलकरंजीच्या वर्कशॉपमधून निघालेलं काम मी पाहिलेलं आहे. पण तो पाइप गेटलाच वापरा.

दीड इंची पाइप म्हणजे पाण्याचा पाइप. त्याचं नाव आतल्या नाममात्र भोकावरून असतं, बाहेरून तो 48.3 मिलिमीटर भरतो. तो पट्टी वळवून लांबीला शिवण मारून केलेला असतो, आणि जस्ताचा असेल तर वेल्ड करताना निघणारा धूर छातीत जातो तो वेगळाच. केजला लागते ती सीमलेस, कोल्ड ड्रॉन, साध्या कार्बन स्टीलची नळी, बाहेरच्या मापानं विकली जाणारी. एफआयए या मोटारस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात (बाहेरचा व्यास बाय पत्र्याची जाडी, मिलिमीटरमध्ये) मुख्य हूपला 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2, बाकीच्या नळ्यांना 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2, आणि स्टीलची ताणशक्ती किमान 350 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. नळीबरोबर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या आणि फाइलला लावा. वजनाची धास्ती घेऊ नका: 45 ची नळी मीटरला 2.6 किलो भरते, 38 ची 2.2 च्या आसपास. पूर्ण केज साठ-सत्तर किलोच्या घरात जाते आणि तेवढं वजन तुम्ही सीटा, ट्रिम, काचा काढूनच परत मिळवता.

मग येतो वाक. वाळू भरून, गॅसवर तापवून वाकवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, इथे ती चालत नाही. नळी थंडच वाकवायची. वाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे 45 ला 135 मिलिमीटर. वाकल्यावर नळी थोडी चपटी होतेच, पण लहान व्यास भागिले मोठा व्यास 0.9 च्या खाली गेला की तो तुकडा भंगारात. व्हर्नियर लावून प्रत्येक वाक मोजा. साध्या हायड्रॉलिक प्रेसच्या बेंडरनं आतल्या बाजूला सुरकुती येते, म्हणून ही नळी आतून आधार देऊन वाकवणाऱ्या मॅन्ड्रेल बेंडरवरच द्या. पुण्यात, कोल्हापुरात शिरोलीला असं काम करून देणारे आहेत. मुख्य हूप एकाच अखंड नळीचा, मध्ये जोड नाही.

कापाकापी सुरू करण्याआधी सीट बसवा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण आधी केज करून मोकळे होतात. ड्रायव्हर हेल्मेट घालून सीटवर बसला पाहिजे, स्टीअरिंगवर हात, पॅडलवर पाय. मग डोक्याच्या वर, बाजूला किती जागा आहे ते बघून हूपची उंची आणि जागा ठरते. हार्नेसचा आडवा बारही तेव्हाच ठरतो. खांद्यावरून पट्टा मागे जाताना जवळजवळ आडवा जायला हवा, किंचितच खाली उतरता. तो तिरका खाली फरशीला नेऊन बांधला तर धडकेत खांदे खाली दाबले जातात आणि मणका चेपतो.

आता खरी मेख. हूप छताला अगदी चिकटून हवा, पण चिकटला की वरच्या जोडाच्या मागे वेल्डिंगचा टॉर्च शिरत नाही. मग लोक काय करतात? समोरून दिसतं तेवढं वेल्ड मारतात आणि छताकडची बाजू कोरी सोडतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत ए-पिलरच्या, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या, वरचे चारही जोड असेच अर्धे होते. वरून रंग झकास. आरसा घालून बघितलं तर मागे नळीची नॉच, म्हणजे जोडासाठी कापलेली खाच, तशीच उघडी, टॅकचा तात्पुरता टाकासुद्धा नाही. समोरच्या बाजूचं वेल्ड ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं, आणि जरा खोल घासल्यावर आत मुंगी शिरेल एवढी भोकं.

याच्यावर उपाय आहे आणि तुमच्यासारख्या शेडमध्ये तो सहज होतो. केज चार पायांवर उभी राहते. प्रत्येक पायाखाली, सिलला (दाराखालच्या लांब पट्टीला) लागून, जाड पत्र्याची पेटी येणार असते. ती पेटी आधी लावू नका. तिच्या जागी फरशीला पायापुरतं भोक पाडा, केज टॅक करून जागेवर बसवा, सगळी मापं जुळली, दारं नीट लागतात हे पाहिलं, की सगळी केज त्या भोकांतून पाच-सहा इंच खाली उतरवा. आता छत आणि नळी यांच्यात हात जातो. वरचा प्रत्येक जोड पूर्ण गोल फिरून वेल्ड करा. मग केज जॅकनं वर उचला, खाली पेट्या सरकवा, शेलला आणि एकमेकांना वेल्ड करा. एका सपाट्यात कुठलाही जोड पूर्ण करू नका. डावा थोडा, उजवा थोडा, नाहीतर उष्णतेनं शेल ओढलं जातं आणि दार बंद होत नाही. झालेलं वेल्ड घासायचं नाही. रेसआधी गाडी तपासणाऱ्या स्क्रुटिनियरला ते जसं पडलंय तसं बघायचं असतं.

बोल्टची केज करणार असाल तर पायाला किमान तीन एम-8 बोल्ट, 8.8 ग्रेडचे, आणि खाली 3 मिलिमीटरची 120 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची प्लेट. नुसता पातळ फरशीचा पत्रा धरला तर गाडी उलटल्यावर पाय पत्र्यातून आरपार खाली जातो. मागचे तिरके आधार सरळ हवेत, वाक नको, आणि उभ्या रेषेशी किमान 30 अंशांचा कोन.

शेवटचं पॅडिंग. एसीच्या पाइपावर घालतात तो काळा मऊ फोम बाजारात ‘केज पॅड’ म्हणून गळ्यात मारतात. त्याला बोटानं दाबलं की नळी लागते. हेल्मेट जिथे पोचू शकतं तिथे एफआयए 8857-2001 लिहिलेलं टणक पॅडिंगच घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी, तुम्हाला ज्या क्लासमध्ये उतरायचंय त्याचे त्या वर्षीचे एफएमएससीआयचे, म्हणजे भारतातल्या मोटारस्पोर्टच्या संघटनेचे, नियम छापून भिंतीला लावा. माझी मापं आणि त्यांचे नियम यांत फरक दिसला तर नियम खरे.

काका, एस्टीम घेतलीय, चार लाख साठवलेत. मित्र म्हणतात आधी कॅम, हेड पोर्टिंग, एक्झॉस्ट करून पॉवर काढ. बाकी हळूहळू होईल.
— वाचक, नाशिक

मित्रांना सांगा, हळूहळू व्हायची गोष्ट पॉवर आहे.

एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन हलक्या शेलमध्ये शिकायला पुरेसं आहे. आपल्याकडे कितीतरी ड्रायव्हर याच गाडीवर तयार झाले. शिवाय इंजिनाला हात किती लावता येतो ते क्लासवर ठरतं. सुपर स्टॉकमध्ये फारसा नाही, इंडियन टूरिंग कार्समध्ये बराच. क्लास न ठरवता कॅम टाकलात तर पैसे देऊन स्वतःला एका क्लासच्या बाहेर काढाल.

चार लाखांतला पहिला वाटा केज, सीट, हार्नेस आणि अंगावरच्या सामानाला. मग ब्रेक. चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, एका फेरीत कितीतरी वेळा जोरात ब्रेक लागतो आणि मध्ये थंड व्हायला उसंत नसते. डॉट 4 फ्लुइड नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. तेच हवेतलं पाणी शोषून मुरलं की हा आकडा 155 पर्यंत खाली येतो. पावसाळा बघितलेलं फ्लुइड घेऊन ट्रॅकवर गेलात की तिसऱ्या-चौथ्या फेरीला पॅडल फरशीला टेकतं. म्हणून प्रत्येक मीटआधी फ्लुइड बदला, रेसचे पॅड घाला, रबरी होजच्या जागी स्टीलची जाळी असलेले होज, आणि बंपरमधून डिस्कवर हवा नेणारा डक्ट. डक्टला फार खर्च नाही आणि त्याचा उपयोग लगेच कळतो.

त्यानंतर तेल. लांब वळणात तेल संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एका बाजूला चढतं, तेल ओढणारा पिकअप उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. बेअरिंग जायला तेवढे दोन-तीन सेकंद पुष्कळ झाले. संपमध्ये आडवे पत्रे टाकून घ्या आणि ऑइल प्रेशरचा गेज नाही, मोठा लाल दिवा समोर लावा. गेजकडे बघायला वळणात वेळ नसतो. नंतर रेडिएटर, नंतर शॉकअप आणि टायर. यातून काही उरलं तर कॅमचं बघू.

माझा मुलगा 19 वर्षांचा आहे, पुण्यात शिकतो. मित्रांबरोबर रेसची गाडी बांधतोय. मला यातलं काही कळत नाही. अडवायचं मनात नाही, पण मी त्याला काय विचारू?
— एक आई, सातारा

ताई, तुम्ही विचारताय हेच मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या गाडीजवळ जा आणि चार गोष्टी हातात घेऊन बघा.

हार्नेसवर शिवलेलं एक लेबल असतं, त्यावर तो कुठल्या वर्षापर्यंत चालतो ते छापलेलं असतं. वर्ष उलटून गेलेलं असेल तर बेल्ट दिसायला कितीही नवा असो, बदलायला लावा. सीटलाही तसंच लेबल असतं. हेल्मेट मोटरसायकलचं नको, त्याचं आतलं अस्तर आगीला टिकत नाही. मोटारकारच्या हेल्मेटला हान्सचे दोन खुंटे असतात, ते दाखव म्हणावं. मग गाडीतल्या सगळ्या विजेचं एक मुख्य बटण असतं, बाहेरून निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीचं चित्र असतं. इंजिन चालू करायला सांगा आणि तुम्ही स्वतः ते ओढा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. चालू राहिलं तर अल्टरनेटर तोडणारी जोडणी केलेली नाही आणि अपघातात वीज चालूच राहील. शेवटी त्याला पूर्ण सूट, हेल्मेट घालून सीटवर बांधा, आणि बाहेर यायला सांगा. अडखळत, कुठेतरी अडकत आला तर तो रोज सराव करू दे. आग लागली तर तेवढाच वेळ हातात असतो.

कोल्हापुरात मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे. गाडी तयार होईपर्यंत त्यानं तिथे कार्ट चालवावी. वळणाची रेघ, ब्रेकची जागा, दुसऱ्याच्या शेजारून जाणं हे सगळं तिथे स्वस्तात शिकता येतं. आणि मित्रांबरोबर रस्त्यावर ‘टेस्टिंग’ करायचं नाही, हे मात्र आईच्या हक्कानं सांगा. कलम 189 खाली रस्त्यावर शर्यत आणि वेगाची चाचणी गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रस्त्यावर दुसऱ्यांची मुलं असतात.

आतलं सगळं काढायचं म्हणजे नेमकं कुठपर्यंत? फरशीची डांबराची शीट निघतच नाही. गाडी कायम मडगावातच राहिलेली आहे.
— वाचिका, मडगाव

सुरुवात एअरबॅग आणि धडकेत बेल्ट खेचणाऱ्या प्रीटेन्शनरपासून. दोन्हींत स्फोटक असतं. बॅटरी काढा, थांबा, मगच कनेक्टरला हात लावा. गाडीला ते असतील तर जाणकाराकडूनच काढून घ्या. वेल्डिंग त्यानंतर.

डांबराच्या शीटला छिन्नी-हातोडी आणि हीट गन घेऊन बसलात तर चिकट गाळ होतो. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणा. कातड्याचे हातमोजे घाला, गाडीची सगळी दारं उघडी ठेवा, काम उघड्यावर करा, कारण तो वायू खोलगट जागेत साचतो आणि जीव गुदमरतो. बारीक तुकडे शीटवर पसरा, दहा-पंधरा मिनिटं द्या. डांबर आकसतं, बारीक कडकड ऐकू येते. मग रबरी हातोड्यानं टोकलं की कुरडईसारखे तुकडे उडतात आणि खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा दिसतो. ते बघायला मला अजूनही आवडतं.

आणि तेव्हाच गोव्याच्या गाडीचा खरा निकाल लागतो. खाऱ्या हवेनं सिल आणि जॅक पॉइंट आतून खाल्लेले असतात. स्क्रूड्रायव्हर घेऊन सिलच्या खालच्या कडेला दर वितीवर जोरानं दाबा. जिथे टोक आत गेलं तिथला पत्रा केज धरणार नाही. थोडा भाग असेल तर कापून नवा पत्रा घाला. दोन्ही बाजूंचे सिल गेले असतील तर हे शेल सोडा, घाटावरचं कोरडं शेल शोधा.

काढू नये ते असं: पुढची लॅमिनेटेड काच, वायपर, काचेवरची वाफ घालवणारा डीमिस्टर. ट्रॅकवर पाऊस येतो. मागची सीट काढल्यावर पेट्रोल पंपाचं झाकण आणि डिकीकडची मोकळी जागा उघडी पडते. तिथे पत्रा मारून सीलंटनं बंद करा, म्हणजे टाकीतली आग आत येणार नाही. आणि स्टीअरिंग लॉक काढून टाका. घसरलेल्या गाडीत कुणी घाबरून किल्ली फिरवली तर चाक जाम होता कामा नये.

बांधलेली जुनी रेसकार विकत मिळतेय. घ्यावी की स्वतः बांधावी?
— वाचक, ठाणे

पहिलीच गाडी असेल तर घ्या. बांधणाऱ्यानं जे पैसे घातले त्याच्या निम्मेही विकताना परत येत नाहीत, आणि तुमचं ते वर्ष शेडमध्ये न जाता ट्रॅकवर जातं.

बघायला जाताना लहान आरसा, व्हर्नियर आणि टॉर्च न्या. वर इचलकरंजीच्या उत्तरात लिहिलंय त्याप्रमाणे छताकडचे जोड आरशात बघा. पाय फरशीवर आहेत की सिलच्या पेटीवर, ते बघा. नळीवर रंगाचे जाड थर असतील तर तो थोडा खरवडायला परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर परत या. इंजिन बंद असलं तरी मला त्याचं फारसं वाटत नाही, ते आपण करू. हार्नेसची तारीख संपलेली असणारच, ते पैसे किमतीतून वजा करा. कुठल्या वर्षी, कुठल्या क्लासमध्ये स्क्रुटिनी पास झाली त्याचे कागद मागा. आणि तिची आरसी रद्द झालीय की अजून कुणाच्या तरी नावावर चालू आहे, ते पैसे देण्याआधी आरटीओत तपासून लेखी घ्या.